जुना गेम ‘एचडी’ होतो म्हणजे काय? सोलापुरी चादरीवरून समजून घ्या

गेममधल्या भिंती, रस्ते, कपडे यांवर चिकटवलेलं चित्र म्हणजे टेक्स्चर. जुन्या गेममध्ये ते अनेकदा 256×256 पिक्सेलचं असतं, म्हणजे 65,536 ठिपके. तेच 1024×1024 केलं की ठिपके 16 पट होतात. पण हे जादाचे ठिपके आणायचे कुठून?

समजा, गेममधल्या खाटेवर सोलापुरी चादर आहे. अस्सल चादरीतली नक्षी जॅकार्ड मागावर धाग्याधाग्याने विणलेली असते. धूसर चित्रात ते धागेच नसतात. त्यामुळे एआय अंदाज बांधतं आणि विणीचा छापील कागद करून टाकतं.

‘जीटीए’च्या तीन जुन्या गेम्सची नवी आवृत्ती नोव्हेंबर 2021मध्ये आली, तेव्हा असंच झालं. हजारो टेक्स्चर्स सॉफ्टवेअरने मोठी केली आणि दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं चुकली. चाहते भडकले आणि रॉकस्टार कंपनीला माफी मागावी लागली.

मग योग्य पद्धत कोणती? खऱ्या चादरीचा सावली न पडता फोटो काढायचा, कडा जुळवायच्या आणि मूळ रंग राखायचे. एआय मदतीला घ्या, पण शेवटची नजर माणसाचीच हवी. नाहीतर चित्र स्पष्ट होतं आणि ओळख पुसली जाते.