प्रबंधाबरोबर डेटाही जमा करून घ्या

मा. कुलगुरू, संशोधन मंडळाचे सदस्य आणि ज्ञान स्रोत केंद्राचे संचालक,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर



समजा, पैठण तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यावर पंधरा वर्षांपूर्वी आपल्या विद्यापीठात एक प्रबंध झाला. आज त्याच विषयावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला तो ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात सापडतो. त्यात आलेख आहेत, गावनिहाय सरासरी आहे. पण कोणत्या विहिरीतून कोणत्या तारखेला नमुना घेतला, पाणी किती खोल होतं, फ्लोराइड किती निघालं, ते मूळ आकडे त्यात नाहीत. ते एखाद्या वहीत होते किंवा पेन ड्राइव्हमध्ये. संशोधक नोकरीला लागला, मार्गदर्शक निवृत्त झाले, आकडे हरवले. मराठवाड्याचं पाणी किती खाली गेलं हे सांगायला त्याच विहिरींचे जुने आकडे लागतात, आणि गेलेला उन्हाळा पुन्हा मोजता येत नाही.

मी औरंगपुऱ्यात राहते, संलग्न महाविद्यालयात शिकवते. माझी मागणी एकच आहे. पीएच.डी.चा प्रबंध स्वीकारताना त्यामागचा मूळ डेटाही विद्यापीठाने जमा करून घ्यावा आणि तो सर्वांसाठी खुला करावा.

हे अवघड नाही, कारण निम्मी वाट आपण चालून आलो आहोत. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची ई-प्रत देणं बंधनकारक केलं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ‘शोधगंगा’ उभी केली. त्याआधी प्रबंध पाहायचा तर त्या त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसावं लागे. आता अंबाजोगाईतला किंवा भोकरदनमधला विद्यार्थी मोबाइलवर प्रबंध उघडतो. त्या वेळीही चोरी होईल, नक्कल होईल अशी भीती घातली गेली होती. उलट झालं: प्रबंध उघड्यावर आल्यामुळे नक्कल पकडणं सोपं झालं.

ज्यांचं नाव १४ जानेवारी १९९४ पासून या विद्यापीठाला आहे, त्यांच्याच पदवीचा इतिहास इथे आठवावा. कोलंबिया विद्यापीठाच्या तेव्हाच्या नियमानुसार प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे द्याव्या लागत. बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी १९२५ मध्ये काढला आणि पीएच.डी. त्यानंतर, १९२७ मध्ये मिळाली. आधी काम जगासमोर ठेवायचं, मग पदवी घ्यायची, असा तो क्रम होता. ग्रंथात त्यांनी सरकारी हिशेबांचे तक्ते मांडले आहेत. त्यांचा निष्कर्ष पटला नाही तर वाचणाऱ्याने आकडे घेऊन भांडावं, एवढी मोकळीक त्यात आहे.

संशोधन नियतकालिकं वाचता यावीत म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. चांगलंच आहे. पण पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांपुरता आहे, आणि आपली बहुसंख्य संलग्न महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्था चालवतात. शिवाय ही वाचण्याची सोय झाली. आपल्या चार जिल्ह्यांत जे मोजलं गेलं, ते जपण्याची सोय दिल्लीहून येणार नाही.

प्राध्यापकांची हरकत मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. चार वर्षं उन्हातान्हात फिरून गोळा केलेले आकडे दुसऱ्या कुणी आधी छापले तर? म्हणून डेटा पदवीच्या वेळीच जमा व्हावा, पण संशोधकाने मागितल्यास दोन वर्षं बंद ठेवावा. प्रत्येक संचाला डीओआय हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक द्यावा, म्हणजे वापरणाऱ्याला नेमका संदर्भ देऊन श्रेय देता येईल. आणि अशा कामाला विद्यापीठाने आपल्या अंतर्गत मूल्यमापनात गुण द्यावेत. गुण नसतील तर हा नियम कागदावरच राहील, हे मी खात्रीने सांगते.

सगळंच उघडं करू नये. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची माहिती, शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्या मुलाखती, जातीच्या छळाबद्दल कुणी विश्वासाने सांगितलेलं, हे नावगावासकट बाहेर पडलं तर सांगणाऱ्याचं नुकसान होईल. छोट्या वस्तीत नाव काढूनही माणूस ओळखता येतो. असा डेटा कुलपात राहावा आणि कुणाला द्यायचा ते नीतिसमितीने ठरवावं. मात्र विहिरींचे, जमिनीचे, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे, नाथसागर जलाशयावरच्या पक्ष्यांचे आकडे कुलपात ठेवायला काहीच कारण नाही. त्यातलं पुष्कळसं काम जनतेच्या पैशातून होतं.

खर्च फार नाही. डीस्पेस ही डेटा साठवून खुला करण्याची प्रणाली विनामूल्य आहे. ती उभी राहीपर्यंत सर्न या संस्थेत चालणारं झेनोडो भांडार आहे. तिथे डेटा ठेवायला पैसे लागत नाहीत आणि डीओआयही मिळतो. लागेल ते मनुष्यबळ. नोंदी नीट लावून घेणारी, प्रत्येक रकान्यात काय आहे आणि कोणत्या एककात आहे हे संशोधकाकडून लिहवून घेणारी दोन-तीन माणसं ज्ञान स्रोत केंद्रात नेमावी लागतील. ते लिहिलेलं नसेल तर पाच वर्षांनी आकडे असूनही कुणाला उमगत नाहीत.

आणखी एक. प्रत्येक डेटासंचासोबत एक पान मराठीत असावं: काय मोजलं, कुठे, काय निघालं. ज्या शेतकऱ्याने विहिरीवर उभं राहून नमुना घेऊ दिला, त्याला आपल्या पाण्याचं काय झालं हे कळायला हवं. आज बहुतेक वेळा ते त्याला कुणी सांगत नाही.

विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. सर्व विद्याशाखांना एकदम लागू करणं जड जात असेल तर रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि वनस्पतिशास्त्रापासून, नव्याने नोंदणी होणाऱ्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात करावी.

आपली,
औरंगपुऱ्यातील एक प्राध्यापिका