नावाआधी प्रकार

खाजगी संगीतसंग्रहाची प्रकारवार मांडणी करणे, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला नाट्यपद, अभंग, लावणी, बंदिश अशी चिठ्ठी लावणे, हा निव्वळ कालापव्यय आहे, असे मत अलीकडे काही संग्राहक मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा की, सारे संगणकात आले आहे, गाण्याचे नाव टंकले की ते समोर येते. शिवाय कोणतेच गाणे एका प्रकारात धड बसत नाही, तेव्हा प्रकार ही कल्पनाच खोटी असून संग्रह एका ढिगात ठेवावा आणि ऐकत बसावे. हे मत आळसाला तत्त्वज्ञानाचा अंगरखा चढवणारे आहे, आणि रत्नागिरीकडच्या संग्रहाला लावले तर नुकसान करणारेही आहे.

शोधण्यासाठी मुळात नाव ठाऊक असावे लागते, आणि या जिल्ह्यातील घराघरांत साठलेल्या गाण्यांपैकी पुष्कळांना नावच नाही. गौरीगणपतीत पायांत चाळ बांधून गोल फेर धरत नाचली जाणारी जाखडी घ्यावी: तिच्यात शक्तीला थोर मानणारे शक्तिवाले आणि शिवाला थोर मानणारे तुरेवाले असे दोन पक्ष एकमेकांना पद्यातून सवाल घालतात, आणि त्यांतील कित्येक पदे त्या रात्रीपुरती रचलेली असतात. अशा रात्रीची साठ मिनिटांची कॅसेट हाती येते तेव्हा आतल्या कागदी पट्टीवर पेन्सिलीने ‘गौरी, रात्र’ एवढेच लिहिलेले असते, पुढचे साल पुसून गेलेले असते, आणि ती संगणकात उतरवल्यावर उरते ते ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’. आता येथे टंकायचे काय? पहिली ओळ म्हणावी, तर आरंभी गण म्हणजे गणेशस्तवन असते आणि सगळे गण जवळपास सारख्याच शब्दांनी उघडतात. शाहिराचे नाव म्हणावे, तर ते अखेरच्या कडव्यात गुंफलेले असते, आणि तिथवर ऐकायला कोणीतरी बसावे लागते. छापील नाव असले तरी सुटका नाहीच. ज्ञानेश्वरांचा अभंग रोमन लिपीत साठवताना कोणी डी, कोणी जी, तर कोणी जे या अक्षराने आरंभ करतो, आणि एकाच संतकवीची रचना तीन ठिकाणी विखुरते. ज्याला गाणे आधीच ठाऊक आहे त्याच्यापुरताच शोध पुरतो. जो संग्रह वारशाने घेणार आहे, त्याच्या हाती ढीग पडतो. गेल्या शतकाच्या आरंभी, ध्वनिमुद्रिका जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात असताना, गायिका गौहरजान गाणे संपताच आपले नाव मोठ्याने उच्चारत असे, ते छापणाऱ्या परक्या कारागिराला तबकडी ओळखता यावी म्हणून. ही खबरदारी तीन मिनिटांच्या तबकडीने घेतली, ती हजारो फायली बाळगणाऱ्याला जड वाटावी हे खेदाचे आहे.

एक गाणे अनेक प्रकारांत बसते, या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे: त्याला अनेक चिठ्ठ्या लावाव्यात. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकातील पदे नाट्यसंगीतही आहेत आणि रागसंगीतही. हा वादही जुनाच आहे. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांनी राग दहा थाटांत लावले, त्यावरही ललत हा राग मारवा थाटात कसा, असे विचारले गेले, कारण तो आज बहुधा कोमल धैवताने गायला जातो. पण एवढ्यावरून थाट कोणी टाकून दिले नाहीत, आणि विद्यार्थी आजही तिथूनच शिकू लागतो. १९९६ मध्ये संगणकातील संगीताच्या फायलींना जोडण्यासाठी ठरलेल्या ऐंशी प्रकारांच्या यादीत पोल्का होता आणि नाट्यपद नव्हते, हे खरे. तो त्या यादीचा दोष होय, वर्गीकरणाचा नव्हे.

मंडनाचा भाग त्या मानाने लहान आहे. प्रकाराचे नाव गाणाऱ्यांच्या तोंडचे असावे, ‘लोकसंगीत’ या एका पोत्यात जाखडी आणि नमन कोंबू नयेत. गण आणि गवळण दोहोंत असल्यामुळे दोन्ही दुरून सारखी भासतात. पण जाखडी गौरीगणपतीची आणि नमन शिमग्यातल्या खेळ्यांचे, म्हणून प्रकारासोबत प्रसंगाची चिठ्ठी लावलीच पाहिजे. रागदारीत राग आणि ताल, नाट्यपदात नाटक आणि संगीतकार, एवढे जोडले की पुरे. त्याहून बारीक विभागणी ज्याची त्याने करावी. आणि पेन्सिलीच्या त्या कॅसेटवर, ती एकदा शेवटपर्यंत ऐकून, शाईने लिहावे: जाखडी, तुरेवाले, गौरीची रात्र, गवळण दुसऱ्या बाजूला, बाराव्या मिनिटापासून, शाहिराचे नाव शेवटच्या कडव्यात.