गाईड घेऊन विलायतेला

चौफुल्याहून केडगाव स्टेशनाकडे येताना रस्त्याच्या कडेला हल्ली एक नवा फलक लागला आहे. हिरवळ, हिरवळीत तळे, तळ्याकाठी काचेची इमारत आणि तिच्यापुढे हसत उभी असलेली चार पोरे. खाली मजकूर असा की इंग्लंडात शिका आणि एका वर्षात मास्टर्स व्हा. त्याच्याच शेजारी रासायनिक खताचा जुना फलक आहे. दोन्हींवरची हिरवळ सारखीच गडद आहे, आणि दोन्हींचे पैसे आमच्या उसातूनच जायचे आहेत.

फलक लावणाऱ्याशी माझे भांडण नाही. तो दुकानदार आहे. दुकानदाराने माल मांडावा. विलायतेला जाणाऱ्या पोरांशी तर मुळीच भांडण नाही. माझे भांडण आहे ते घरी राहणाऱ्यांशी. पालकांशी, शाळांशी आणि मास्तरांशी. म्हणजे पहिल्याप्रथम माझ्याशीच. माझे म्हणणे थोडक्यात असे: त्या विद्यापीठांत घेण्यासारखी जी एक वस्तू आहे, ती घेण्याची ताकद आम्ही शाळेच्या दहा वर्षांत मुलांतून काढून घेतो, आणि मग तीच वस्तू आणायला जमीन विकून त्यांना सात समुद्रांपलीकडे धाडतो.

‘मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराने विद्यापीठांविषयी बोलू नये,’ असे कोणी म्हणेलच. आता ज्याला दहावी म्हणतात त्यापुढे मी शिकलो नाही, हे खरे. कॉलेजचा उंबरा मी ओलांडला तो स्नेहसंमेलनात पाहुणा म्हणून. पण सुतार घरात राहायला येत नसला, तरी दार का लागत नाही हे त्याला विचारावे लागते. ही पोरे माझ्या हाताखालून गेली आहेत. दार लागत नाही, तर रंधा मी कसा फिरवला हे सांगणे मला भाग आहे.

ज्यांना ही विद्यापीठे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. फलकावर जे चित्र असते ते ऑक्सफर्ड-केंब्रिजचे नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुले वाढली, जुनी विद्यापीठे अपुरी पडू लागली, म्हणून ब्रिटिश सरकारने नवी विद्यापीठे काढली. ससेक्स १९६१ साली निघाले, यॉर्क आणि ईस्ट अँग्लिया १९६३ साली, लँकेस्टर १९६४ साली, वॉरिक आणि केंट १९६५ साली. शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर वर्ग, ग्रंथालय, वसतिगृहे, दुकान, दवाखाना असे सारे एकाच आवारात. त्यालाच कॅम्पस म्हणतात. तिथे एका वर्षाच्या मास्टर्सला १८० श्रेयांक असतात, त्यांतले बहुधा ६० उन्हाळ्यात लिहायच्या प्रबंधाला. व्याख्याने थोडी, वाचायच्या पुस्तकांची यादी लांब. आणि आठवड्यातून एकदोनदा दहापंधरा मुलांना भोवती बसवून प्राध्यापक विचारतो, ‘तुम्ही वाचलेत. आता तुम्हांला काय वाटते?’

याच प्रश्नापाशी आमचा पोरगा बुडतो.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका आवारात गेला. विद्यापीठाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष त्याचा नाही. वडिलांनी कालव्याखालची जमीन विकली, उरलेल्या रकमेला बँकेचे कर्ज काढले. पौंड शंभर रुपयांच्या वर गेलेला. फी, राहणे, व्हिसा धरून हिशेब तीस लाखांच्या घरात गेला. सप्टेंबरात पोरगा पोचला. पहिल्या महिन्यात फोनवर साऱ्या नवलाच्या गोष्टी. तळ्यावरची बदके माणसाला भीत नाहीत, ग्रंथालय रात्रभर उघडे असते, सात जणांत एक स्वयंपाकघर आहे आणि फोडणीच्या धुराने आगीची घंटा वाजते. डिसेंबरात चार वाजता अंधार पडू लागला, तसा फोनही उशिरा येऊ लागला. आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करायची मुभा असते. तो एका गोदामात पेट्या भरीत होता. मुलाचे कष्ट ऐकून वडिलांना वाईट वाटे, पण त्यात लाज नव्हती. कष्ट आमच्या घरांना नवे नाहीत.

जानेवारीत एका रात्री त्याचा फोन आला. त्याच्या पहिल्या निबंधावर चौकशी बसली होती. निबंध यंत्रात घातला, तेव्हा पानेच्या पाने चार पुस्तकांतून शब्दशः उतरवलेली निघाली. समितीपुढे जायचे होते. रडत नव्हता, पण जे बोलला ते रडण्यापेक्षा वाईट होते. ‘सर, मी चोरी केली नाही. पुस्तकातलं वाक्य बदलायचं नाही, बदललं की मार्क जातात, हे तुम्हीच शिकवलंत ना?’

मी काय उत्तर देणार? तो खरेच बोलत होता.

हा मुलगा आठवीत असताना मी ‘शेतकऱ्याचे मनोगत’ हा निबंध घातला होता. वर्गातल्या पन्नास वह्यांत एकच शेतकरी होता: गाईडातला. तो जगाचा पोशिंदा होता, काळ्या आईचा लेक होता, पावसाच्या पहिल्या सरीने मोहरून जात होता. एका वहीतला शेतकरी तेवढा वेगळा होता. तो साखर कारखान्याच्या पहिल्या उचलीची वाट पाहात होता, आणि उचल आली की सोसायटीचा सचिव दारात येईल म्हणून घाबरत होता. ती वही याची. मी दहापैकी तीन गुण दिले आणि लाल शाईने लिहिले, ‘विषयाला धरून नाही. पुस्तकाप्रमाणे लिहा.’ पुढे तो पुस्तकाप्रमाणे लिहू लागला. दहावीला मराठीत त्याला चांगले गुण पडले. मी पेढे खाल्ले.

मी कादंबऱ्या लिहितो. स्वतःच्या वाक्याची किंमत मला कळत नव्हती असे नाही. घरी कागदावर जी वस्तू मी शोधीत होतो, तीच शाळेत पोराच्या वहीत सापडताच खोडीत होतो.

‘बोर्डाची परीक्षाच तशी आहे, एका वर्गात साठ मुले असतात, मास्तराने काय करावे?’ हा बचाव मीही पुष्कळ वर्षे केला. त्यात तथ्य आहे. पण त्याने सुटका होत नाही. आठवीच्या वहीवर बोर्डाची नजर नव्हती, माझीच होती. वेगळे उत्तर तपासायला वाचावे लागते, सारखे उत्तर नुसते पाहिले तरी भागते. आम्ही परीक्षेच्या नावाने आमचा आळस वाचवतो, आणि मुलाच्या मनात एक भीती घालून देतो की स्वतःचे वाटणे ही चूक आहे.

हे सारे केडगावात बसून लिहावे लागते, याची मला अधिक लाज वाटते. स्टेशनाबाहेर कोणालाही विचारले तर तो मुक्ती मिशनची वाट दाखवतो. ती संस्था उभारणारी बाई विलायतेत शिकून आली होती. पंडिता रमाबाई १८८३ साली निघाल्या, तेव्हा वय पंचवीस, नवरा वारलेला, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. जमीन विकायला नव्हतीच. ‘स्त्रीधर्मनीति’ हे आपले पुस्तक विकून त्यांनी प्रवासाचे पैसे उभे केले. डॉक्टर व्हायचे होते, पण कानांनी कमी ऐकू येई म्हणून तो मार्ग खुंटला. १८८४ ते १८८६ त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी वाङ्मय शिकत होत्या आणि तिथे संस्कृत शिकवीत होत्या.

त्या तिथे कशा वागल्या, हे आमच्या प्रत्येक पालकाने वाचावे. ज्यांच्या आश्रयाने राहात होत्या, ज्यांचा धर्म नुकताच घेतला होता, त्यांच्याशीच त्या वाद घालीत होत्या. त्रैक्याचा सिद्धान्त मला पटवून द्या म्हणाल्या. मांसाहार केला नाही. हा जातीचा गर्व आहे असा ठपका आला, तरी केला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, माझ्या लोकांना कळेल अशी भाषा का नको, असे विचारले. पुरुष विद्यार्थ्यांना बाईने शिकवणे हिंदुस्थानात तिच्या कार्याला मारक ठरेल, असा बिशपांचा सल्ला आला, तेव्हा त्यांनी कळवले की माझ्या बापाची किंवा नवऱ्याची अशी हरकत नव्हती, ती तुमची असावी याचे आश्चर्य वाटते. त्यांची इंग्रज गुरुमाउली सिस्टर जेराल्डीन यांनी ही पत्रे जपून ठेवली, आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहांच्या संपादनाखाली ती छापली. कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी या बाईला गप्प बसवले नाही. पत्रामागून पत्र लिहून उत्तरे दिली.

याला मी शिकणे म्हणतो. आणि पाठांतराचा द्वेष करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की रमाबाईंना लहानपणी भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते. पाठांतराने त्यांची बुद्धी मारली नाही. कारण पाठ करवून घेणाऱ्या आईबापांनी प्रश्नाबद्दल छडी मारली नव्हती. त्या घरात बाईने संस्कृत शिकणे हाच मुळी शास्त्रीमंडळींशी मांडलेला वाद होता. प्रश्न घरून नेला, म्हणून विलायत त्यांना गिळू शकली नाही. इकडे परतल्यावर टिळकांच्या ‘केसरी’नेही त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. दोन्हीकडून बोलणी खाल्लेल्या या बाईने पुढे ग्रीक आणि हिब्रू शिकून बायबल मराठीत आणले, आणि ते इथल्या बायकांनी मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवून छापले. आमच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर!

दुसरे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. त्याच वर्षी तो ग्रंथ निघाला. त्याला प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे, आणि तीत कॅनन सरळ सांगतात की यातली पुष्कळ टीका मला मान्य नाही. तरी प्रस्तावना लिहिली! आपले खोडून काढणाऱ्या विद्यार्थ्याची पाठ थोपटणारा गुरू आमच्या तालुक्यात किती सापडतील? मी तर वहीतला शेतकरीसुद्धा सहन केला नाही.

‘आता ती विद्यापीठे तशी राहिली नाहीत, ती दुकाने झाली आहेत,’ असे काही जाणकार सांगतात. तेही खोटे नाही. परदेशी मुलांना जादा फी १९६७ साली सुरू झाली, आणि १९८० पासून त्यांच्याकडून पुरा खर्च वसूल होऊ लागला. त्या पैशावर तिथली बरीच विद्यापीठे तगून आहेत, आणि म्हणून प्रवेश देताना डोळे थोडे मिटलेले असतात. सरकारचे धोरणही वाऱ्यासारखे फिरते. पदवीनंतर दोन वर्षे राहून काम शोधण्याची सोय २०२१ साली झाली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दीडच वर्ष मिळायचे आहे. तेव्हा केवळ नोकरी आणि पगार यांच्या हिशेबावर जो जमीन विकतो, तो दुसऱ्याच्या वाऱ्यावर स्वतःचे धान्य उपणायला बसतो. पण दुकान झाले तरी तिथल्या फळीवर तो एक प्रश्न अजून ठेवलेला आहे. तो उचलता आला नाही, तर तीस लाखांत पोराला मिळते ते फक्त गोदामाच्या पेट्यांचे वजन.

आणि ‘मग जाऊच नये, इथेच शिकावे,’ असे म्हणणाऱ्या देशभक्तांना मला एवढेच विचारायचे आहे की ते ‘इथे’ कुठे आहे? गाईड इथेच छापले जाते. राज्य सरकार राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातीच्या ७५ मुलांना दरवर्षी परदेशी धाडते. ही संख्या वाढावी असेच मी म्हणेन. जावे, अवश्य जावे. पण जाताना रमाबाईंसारखे जावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले? समितीने पहिली चूक म्हणून निबंध पुन्हा लिहायची संधी दिली, गुण पासापुरतेच. त्याने मला विचारले, ‘स्वतःचं कसं लिहायचं?’ चोविसाव्या वर्षी! मी म्हटले, ‘आठवीतला शेतकरी आठवतो का?’ त्याला आठवत होता. लाल शाईही आठवत होती. उन्हाळ्यातला प्रबंध त्याने आमच्या भागातल्या गुऱ्हाळांवरच्या मजुरांविषयी लिहिला. पास झाला. नोकरी अजून लागलेली नाही, कर्ज फिटलेले नाही, आणि गेलेली जमीन परत यायची नाही. ही सुखान्त गोष्ट नव्हे.

मी आता वर्गात आठवड्यातून एक तास गाईड बाहेर ठेवायला लावतो, आणि स्वतःच्या वाक्याला, मग ते मोडके का असेना, जास्त गुण देतो. गेल्या सत्रात एक पालक तक्रार घेऊन आले. ‘सर, पोरानं पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलंय आणि तुम्ही चार मार्क देता, आणि शेजारच्या पोरीनं मनाचं लिहिलंय तिला आठ? हा कुठला न्याय?’ मी त्यांना बसवून समजावले. त्यांना पटले नाही. जाताना त्यांनी सांगितले की दहावीनंतर काहीही करून मुलाला विलायतेला घालायचे आहे. फलकावरच्या नंबरावर फोनही केला आहे.

त्यांची कालव्याखाली दोन एकर आहे. विकण्यापूर्वी त्यांनी एकच करावे. संध्याकाळी पोराला समोर बसवून विचारावे, ‘तुला काय वाटतं?’ आणि तो जे सांगेल ते आपल्याला पटले नाही, तरी पुरते ऐकून घ्यावे.