आईस्क्रीम घातलं म्हणून वाईनचं सरबत होत नाही

नाताळात वसईत घरोघरी पाहुणे येतात. हल्ली काही घरांत फसफसणाऱ्या वाईनमध्ये फळांचा रस ओतून वर आईस्क्रीमचा गोळा घालतात. हटकलं की उत्तर ठरलेलं: "डॉक्टर, वाईनच तर आहे!"

हिशेब करा. 12 टक्के अल्कोहोलच्या 150 मिली वाईनमध्ये सुमारे 14 ग्रॅम अल्कोहोल असतं, व्हिस्कीच्या 30 मिली पेगमध्ये सुमारे 10. पेगला हात न लावणाऱ्या मावशी याचे दोन ग्लास सहज संपवतात, कारण गोडव्यात दारूची चव लागतच नाही.

मला खरी काळजी मधुमेहींची. आईस्क्रीमने साखर आधी चढते. पण अल्कोहोलमुळे यकृत नवी साखर तयार करू शकत नाही, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड घेणाऱ्याची साखर मध्यरात्री, पहाटे धोकादायक घसरू शकते. घरच्यांना वाटतं, जास्त झाली, झोपू द्या! तसं झोपू देऊ नका. साखर तपासा, नीट जागे होत नसतील तर तोंडात काही न घालता थेट दवाखान्यात न्या.

द्यायचंच असेल, तर ग्लास हातात देण्याआधी "यात दारू आहे" हे स्पष्ट सांगा. गरोदर बाई, मुलं, गाडी चालवणारे यांच्यासाठी सोडा घातलेलं कोकम सरबत वेगळ्या जगात ठेवा.