घरच्या घरी : पायडलाचा खडखडाट

मैत्रिणींनो, दारात उभी असलेली सायकल तुम्ही शेवटची कधी हलवून पाहिली होती? चाकातली हवा आपण बघतो, ब्रेक बघतो. पण दोन्ही पायडलांच्या मधला जो दांडा सगळा भार सोसतो, तो लोखंडी नळीत दडलेला असतो. म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आपल्या कर्जत-खालापूरकडचा पाऊस तर तुम्हाला ठाऊकच आहे. चार महिने सायकल भिजते. सीटखालच्या नळीतून पाणी झिरपत थेट त्या दांड्यापाशी जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि छर्रे गंजतात. मुलगी चौक किंवा खोपोलीकडे शाळेला जात असेल, तर मागून ट्रक येतो आहे आणि पायाखालचं पायडल हिसका देतं आहे, अशी वेळ यायला नको.

आधी परीक्षा. पायडल नव्हे, ते ज्यावर बसतं तो क्रँक धरा आणि आडवा हलवा. एकच क्रँक हलला तर त्याची कॉटर पिन सैल आहे. नवी पिन बसवली की काम झालं. दोन्ही मिळून हलत असतील, किंवा चेन उतरवून फिरवताना करकर लागत असेल, तर आत बघायलाच हवं.

कॉटर पिनचं नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. पिनच्या टोकाशी सपाट येईपर्यंत ठेवा, म्हणजे हातोडीने आटे चेपणार नाहीत. क्रँकखाली जाड लोखंडी नळी उभी टेकवा (पिन तिच्या पोकळीत उतरेल अशी) आणि एकच जोरकस घाव घाला. भीत भीत दहा घाव घातले तर पिन वाकते, बरं का! दोन्ही बाजूंच्या पिना काढाव्या लागतात.

आता डावीकडची लॉक रिंग आणि कप डावीकडे फिरवून काढा. खाली वर्तमानपत्र पसरा, नाहीतर छर्रे कपाटाखाली जातील. सुटे असतील तर बहुधा एका बाजूला अकरा निघतात, मोजून ठेवा. दांड्याची दोन टोकं सारखी नसतात, चेनकडचं कुठलं ते खूण करून ठेवा. उजवा कप खड्डे पडले असतील तरच काढा. त्याचे आटे उलटे असतात. तो उजवीकडे फिरवल्यावर सैल होतो. इथेच पुष्कळ जण जोर लावून आटे खराब करतात.

सगळं डिझेलमध्ये धुवा, अर्थातच शेगडीपासून लांब. दांड्यावर किंवा कपात बोटाला खड्डा लागला तर तो भाग बदलायचा. दुकानात जुना दांडा सोबत न्या आणि ‘बीबी एक्सल’ म्हणून मागा. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद झाला, तरी जुन्या धाटणीच्या सायकलींचे हे भाग एकमेकींना बरेचदा चालतात. फक्त लांबी जुळवून घ्या. छर्रे मात्र नवेच घाला, तिथे काटकसर नको.

कपात ग्रीस भरून त्यात छर्रे चिकटवा, दांडा घाला, डावा कप फिरवा. दांडा हलायला नको आणि अडायलाही नको. ते जमलं की कप एका हाताने धरून लॉक रिंग आवळा. पिना समोरासमोर उलट दिशेने घालायच्या. क्रँक एका रेषेत आले नाहीत तर एक पिन चुकलेली आहे. आधी ठोकून बसवायची, मग नट.

नव्या पद्धतीच्या कॉटर नसलेल्या सायकलीला क्रँक ओढून काढायचं वेगळं अवजार लागतं. ते नसेल तर ती कारागिराकडेच द्यावी.

चार-पाच दिवस सायकल चालली की नट पुन्हा आवळा. हे काम दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात करावं. पूजेसाठी सायकल धुवायला निघतेच. नळीचं पाणी मात्र त्या दांड्यावर सोडू नका. ओल्या फडक्याने पुसलंत तरी पुरे.