पवनीच्या स्तूपावरून थेट चवदार तळ्यावर? मधली हजार वर्षं कोणाच्या ताब्यात आहेत?

आमच्या सिहोऱ्यात आणि आजूबाजूच्या गावांत १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जी भाषणं होतात, त्यांची वाट ठरलेली आहे. वक्ता सम्राट अशोकापासून सुरू करतो, पवनीच्या स्तूपावर येतो, पुष्यमित्र शुंगाचा समाचार घेतो आणि पुढच्या श्वासाला १९२७ सालच्या चवदार तळ्यावर पोचतो. फार तर मध्ये १८१८ च्या भीमा कोरेगावला एक थांबा. मधली हजार-बाराशे वर्षं एका वाक्यात उरकली जातात : नंतर अंधारयुग आलं. टाळ्या पडतात, जयभीमचा गजर होतो, खीर वाटली जाते. आम्ही स्वतः अशी भाषणं केली आहेत, म्हणून आधी स्वतःच्याच कानाखाली वाजवून पुढे बोलतो.

अंधार कुठे होता? त्या काळात आपले पूर्वज नव्हते का? ते होते. गावाची शीव कुठून कुठे जाते हे त्यांना तोंडपाठ होतं. शिवेचा वाद उठला की महाराची साक्ष काढली जाई. महजर लिहिले जात, निवाडे होत, बलुत्याची भांडणं सरकारदरबारी जात, आणि त्या कागदांत महार-मांगांची नावं पडत. हे कागद जळून गेलेले नाहीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत, मोडी लिपीत. अंधार आहे तो आपल्या डोळ्यांसमोर, कारण ती लिपी आपल्याला वाचता येत नाही.

ती वाचायला शिकवणारी, त्या काळाचा अभ्यास करणारी केंद्रं महाराष्ट्रात कशी उभी राहिली, कोणाच्या पैशावर राहिली, हे आपल्या पोरांना माहीत असलं पाहिजे. पुण्याचं डेक्कन कॉलेज घ्या. मध्ययुगीन आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या संशोधनाचं हे मोठं ठिकाण. त्याचं मूळ १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत आहे. पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, त्या दक्षिणा फंडातून इंग्रजांनी ही पाठशाळा काढली, आणि सुरुवातीला तिथे शिकायला ब्राह्मणच. म्हणजे रयतेच्या शेतसाऱ्यातून दक्षिणा, दक्षिणेतून पाठशाळा, पाठशाळेतून कॉलेज. १९३९ साली त्याच कॉलेजची संशोधन संस्था झाली, साताऱ्याचं पारसनिसांचं ऐतिहासिक संग्रहालय तिथे आलं आणि मराठ्यांच्या इतिहासाचं काम त्र्यंबक शंकर शेजवलकरांकडे गेलं. शेजवलकर पेशवाईचे भाट नव्हते, त्यांनी स्वकीयांवरही कोरडे ओढले, हे मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. पण प्रश्न एका माणसाच्या प्रामाणिकपणाचा नाही. प्रश्न असा, की विद्यापीठाच्या खोलीत बसून जो प्रश्न विचारला जातो, तो कोणाला पडलेला असतो? पानिपत का हरलो, हा प्रश्न ज्यांचं राज्य होतं त्यांना पडतो. राज्य जिंकलं काय नि हरलं काय, ज्याच्या वाट्याची वेठबिगार सुटत नव्हती, त्याला दुसरा प्रश्न पडतो. तो विचारणारा त्या खोलीत बसलेला नव्हता.

आता यातली सर्वांत बोचणारी गोष्ट. अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रात राज्यसत्ता जात कशी राबवत होती, याचा जुन्या मराठी कागदांवरून नीट अभ्यास कोणी केला? हिरोशी फुकाझावा या जपानी प्राध्यापकाने. टोकियोच्या हितोत्सुबाशी विद्यापीठातला माणूस. त्याने दाखवून दिलं, की पेशव्यांचं सरकार जातीच्या बाबतीत तटस्थ नव्हतं, जातीची उतरंड हुकमाने टिकवत होतं. पंढरपूरचं प्रकरण पाहा. चोखोबाच्या दगडाजवळ अतिशूद्र दर्शनाला येतात, जागा अरुंद, ये-जा करणाऱ्यांना विटाळ होतो, अशी बडव्या-ब्राह्मणांची तक्रार गेली. सरकारने हुकूम दिला : लांबून पूजा करा. कोकणातल्या महारांनी म्हटलं, आमची लग्नं जोशांनी लावावीत. सरकार जोशांच्या बाजूने उभं राहिलं. म्हणजे मागणारे होते. पेशवाईतसुद्धा आपले लोक सरकारच्या दारात जाऊन मागत होते! अंधारयुग म्हणून आपण ज्यावर पडदा टाकतो, त्याच्याआड ही माणसं उभी आहेत. त्यांना शोधायला माणूस टोकियोहून आला. आपण इथेच होतो.

फुकाझावानंतर हिरोयुकी कोतानी यांनीही मध्ययुगीन दख्खनमधल्या अतिशूद्रांवर लिहिलं. चोखोबावर एलिनॉर झेलियट यांनी लिहिलं, त्या अमेरिकेच्या. महानुभावांवर अॅन फेल्डहाउस, त्याही तिकडच्याच. त्यांचे उपकार आहेत. पण परक्याने आपल्या आजोबाचं नाव वाचून दाखवावं आणि आपण ऐकत बसावं, हे किती दिवस चालायचं?

आपल्या लोकांनी काहीच केलं नाही असं मात्र नाही. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९३३ साली 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' लिहिला. मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेले शंकरराव खरात महारांच्या इतिहासाच्या मागे लागले. त्यांच्या घरात तराळकी होती, म्हणून त्यांना कागदातलं तराळ म्हणजे काय हे कोशात पाहावं लागलं नाही. नागपुरात भाऊ लोखंडे यांनी मराठी संतसाहित्यावरचा बौद्ध धर्माचा प्रभाव हा विषय घेऊन ग्रंथ लिहिला, आणि तोही अशा काळात की विद्यापीठातल्या पुष्कळांना हा विषयच वाटत नव्हता. पण ही एकेकट्याची कामं. माणूस गेला की काम थांबलं. केंद्र म्हणजे काय, हे अलिगढकडे पाहून कळतं. तिथल्या मुस्लिम विद्यापीठात मोहम्मद हबीब, नुरुल हसन, इरफान हबीब अशा पिढ्यांनी फारसी महसुली कागद वाचले. बादशहाच्या स्वाऱ्या सोडून शेतकऱ्याचा सारा, जमीनदाराचा हिस्सा, भूमिहीनाची मजुरी मोजली. इरफान हबीब यांचा मुघल काळाच्या शेतीव्यवस्थेवरचा ग्रंथ १९६३ चा. त्यानंतर मुघल इतिहास म्हणजे ताजमहाल आणि जनानखाना असं लिहिण्याची सोय राहिली नाही. एक भाषा, एक दप्तर, तीन पिढ्या. एवढं लागतं.

विदर्भाची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या जवळची आहे. इथलं मध्ययुग पुण्याच्या दप्तरात मावत नाही. इथे देवगडचे गोंड राजे होते. आमच्या तुमसर तालुक्यातला आंबागड किल्ला बख्त बुलंदच्या काळातला, पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. भंडारा जिल्ह्यातले तलाव त्याच गोंडकाळाशी जोडले जातात आणि ते बांधण्याचं श्रेय कोहळी समाजाला मिळतं. ते योग्यच आहे, त्यांची ती विद्या होती. पण पाळीची माती कोणी वाहिली, गावच्या कोतवालाला पाणी कोणत्या घाटावरून भरू दिलं जाई, हे कोणी विचारलं का? आमच्या झाडीपट्टीतला महार एका बाजूने गावचा कोतवाल आणि दुसऱ्या बाजूने जाडंभरडं कापड विणणारा. पश्चिम महाराष्ट्राच्या वतनाचा साचा त्याला जसाच्या तसा लागत नाही. आमच्यातल्या एका मुलाने हाच विषय घेऊन संशोधन करायचं ठरवलं. मार्गदर्शक म्हणाले, साधनं कुठे आहेत, त्यापेक्षा स्वातंत्र्यलढ्यातलं एखादं स्थानिक व्यक्तिमत्त्व घे, लवकर सुटशील. मुलाने विषय बदलला. तोही सुटला, मार्गदर्शकही सुटले. विषय तिथेच राहिला.

विदर्भात मध्ययुगीन मराठीचा अभ्यास उभा राहिला तो महानुभावांमुळे. यादवकाळातला हा पंथ, त्याच्या पोथ्या सांकेतिक लिपीत कुलूपबंद. त्या उलगडल्यावर विद्वानांच्या पायाखालची जमीन हलली, कारण मराठीचं आद्य गद्य पुण्याकडे न निघता आमच्या वऱ्हाडात, रिद्धपूरला निघालं. नागपुरात ह. ना. नेन्यांनी लीळाचरित्र छापलं. नंतर डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्य त्यात घातलं. बुलडाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला हा माणूस नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आणि योगायोग पाहा : १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खातं पवनीला स्तूप खणत होतं, तेव्हा कुलगुरूंच्या खुर्चीत कोलतेच होते. बुद्धाचा स्तूप आणि चक्रधरांची पोथी, दोन्ही एकाच विद्यापीठाच्या छपराखाली. स्तूपाचं आपण कौतुक केलं. पोथी आपली नाही म्हणून सोडून दिली. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढलं तेव्हा त्यावर आक्षेप आले, प्रकरण कोर्टात गेलं. दहा वर्षांनी रिडल्सच्या वेळी आपल्याला जो अनुभव आला, त्याच्याशी हे ताडून पाहा. जुना ग्रंथ छापणं म्हणजे कोणाच्या तरी ताब्यातली वस्तू बाहेर काढणं असतं.

आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात घोषणा, डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती, मग कायदा, आणि महानुभाव साहित्याचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. विदर्भाच्या मातीत मध्ययुगाचं केंद्र उभं राहण्याची ही पहिली मोठी संधी. आणि आंबेडकरी चळवळीत यावर किती चर्चा झाली? आम्ही तरी ऐकली नाही.

आमचे काही मित्र म्हणतात, हे सगळं भक्तीचं जाळं आहे. संतांनी समता देवळाच्या पायरीपर्यंत आणली आणि पायरीवरच ठेवली. बाबासाहेबांनी आपल्याला पंढरपूरच्या वाटेवरून काढलं, तुम्ही परत तिकडे नेता काय? या मित्रांचा राग आम्हाला समजतो. चोखोबाचं काय झालं? १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तो गाडला गेला. देव भेटला असेल नसेल, पण मरण वेठीच्या कामावर आलं. हीच गोष्ट आम्ही सांगतो आहोत : चोखोबाकडे भक्त म्हणून पाहायचं की कामावर मेलेला मजूर म्हणून, हे अभ्यास करणारा ठरवतो. बाबासाहेबांनी १९४८ चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ कोणाला अर्पण केला? नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना. तिघेही मध्ययुगातले. ज्यांनी आपल्याला पंढरपूरची वाट सोडायला सांगितली, त्यांनीच ही तीन नावं ग्रंथाच्या दारावर लिहिली. बाबासाहेबांनी देव टाकला, माणसं टाकली नाहीत. १९२८ मध्ये महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडताना त्यांना वतन म्हणजे काय, ते कुठून आलं, त्यात गुलामी किती, हे खोदावंच लागलं. मध्ययुग कळल्याशिवाय ते विधेयक लिहिता आलं नसतं.

आणि रिद्धपूरच्याच पोथीतलं सांगतो. गोविंदप्रभूंच्या चरित्रात एक लीळा आहे. गावातले अस्पृश्य पाण्यासाठी तळमळतात, राऊळांकडे विनवणी करतात आणि त्यांच्यासाठी विहिरीची जागा निघते. भाविकाला यात चमत्कार दिसतो. आम्हाला तेराव्या शतकातला पाणीप्रश्न दिसतो. गावात पाणी होतं आणि आपल्याला नव्हतं, हे सहाशे-सातशे वर्षं आधी कोणीतरी मराठीत लिहून ठेवलं. महाडच्या सत्याग्रहाची पूर्वपीठिका शिकवायची तर ती इथून सुरू व्हायला हवी. रिद्धपूरच्या वर्गात ही लीळा कशी शिकवली जाईल, प्रभूंची करुणा म्हणून की गावाचा गुन्हा म्हणून, हे तिथे बाकावर आणि खुर्चीवर कोण बसलं आहे यावर ठरेल.

म्हणून आमचं म्हणणं आहे, की या विद्यापीठात जुन्या मराठीबरोबर मोडी आणि फारसी शिकवली पाहिजे, बलुतं-वतनाच्या आणि गोंडकाळाच्या कागदांसाठी स्वतंत्र अध्यासन पाहिजे, त्यात संशोधन करणाऱ्या मागासवर्गीय मुलांना शिष्यवृत्ती पाहिजे आणि ती वेळेवर मिळाली पाहिजे. अभिजात भाषेच्या नावाने येणारा पैसा गौरवदिनांच्या मंडपांत जिरला तर विचारणारं कोणीतरी पाहिजे. नामांतरासाठी आपण सोळा वर्षं लढलो. पोचिराम कांबळे गेले, गौतम वाघमारे गेले, मराठवाड्यात घरं जळाली, तेव्हा १४ जानेवारी १९९४ ला पाटी बदलली. पाटीसाठी एवढं दिलेल्या समाजाने आतला अभ्यासक्रम न वाचता बसून राहायचं?

भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं, हे इथल्या प्रत्येक आंबेडकरी घरात आजही चुटपुट लागून बोललं जातं. तेव्हा मतं कमी पडली होती. आता रिद्धपूरच्या प्रवेशयादीत आपली नावं कमी पडली, तर ते खापर कोणाच्या डोक्यावर फोडणार?

आम्ही सिहोऱ्यातून सुरुवात करतो आहोत. दर रविवारी वंदनेनंतर विहारात मोडीचा वर्ग. शिकवायला निवृत्त झालेले एक गृहस्थ तयार आहेत, ते आपल्या समाजाचे नाहीत, चहासुद्धा नको म्हणाले. पहिल्या रविवारी अकरा पोरं आली, त्यात सहा मुली. फळा आहे, खडू आहे, सतरंजी आपली आपण आणायची. कोणाच्या घरी पेटीत, माळ्यावर, आजोबाच्या पत्र्याच्या डब्यात जुना कागद असेल, कोतवालकीचा, जमिनीचा, कसलाही, तो फाडू नका, चुलीत घालू नका, आमच्याकडे घेऊन या. वाचून परत देऊ.

जय भीम.