मजलिसमध्ये जागा करून द्या

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. लग्न होऊन मुंबईला गेलेली. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन ती बराच वेळ गप्प बसली आणि मग बांगड्या मागे सारून मनगटावरचा काळानिळा वळ दाखवला. आम्ही काय केले? डोक्यावरून हात फिरवला, ‘सबर कर बेटा, अल्लाह सब ठीक करेगा’ म्हणालो आणि संध्याकाळच्या एसटीत बसवून दिले. गेवराईचा स्टँड ओलांडताना तो वळ आम्हाला अजूनही आठवतो.

अशीच एक मुलगी मुंबईत नांदायला गेली होती. फ्लेव्हिया अग्नेस तिचे नाव. ख्रिश्चन घरातली, मंगळूरला मावशीकडे वाढलेली. मावशी वारली तेव्हा ती आईवडिलांकडे एडनला गेली. वडिलांच्या निधनानंतर पुन्हा मंगळूर. लग्नानंतर मुंबईत संसार सुरू झाला आणि मारहाणही. पदरात मुले, आणि अनेक वर्षे हेच. त्या काळी ख्रिश्चन स्त्रीला केवळ छळाच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे. 1869 चा कायदा नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करायला सांगे. ती अट 2001 साली गेली.

1980 मध्ये मथुरा बलात्कार प्रकरणातून मुंबईत स्त्रियांची चळवळ उभी राहिली. फ्लेव्हियाबाई तिच्यात आल्या. तिथे त्यांना आपल्यासारख्याच बायका भेटल्या. मग त्यांनी स्वतःची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली, कायद्याची पदवी घेतली आणि 1988 पासून वकिली सुरू केली. 1990 च्या सुमारास चित्रपट दिग्दर्शिका मधुश्री दत्ता यांच्यासोबत त्यांनी संस्था काढली. तिचे नाव ‘मजलिस’. तिथल्या महिला वकील पीडित स्त्रीसोबत कोर्टात उभ्या राहतात, मग ती कोणत्याही धर्माची असो. मुस्लिम स्त्रियांना कायद्याने आधीच काय दिले आहे, हे फ्लेव्हियाबाई वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत.

मजलिस हा शब्द आपल्या घरातला. पवित्र कुरआनची 58 वी सूरह ‘अल-मुजादला’. तिची सुरुवातच एका स्त्रीच्या तक्रारीने होते. हजरत खौला (रजि.) नवऱ्याविरुद्ध गाऱ्हाणे घेऊन प्रेषितांकडे (स.) आल्या. त्यांना कोणी ‘घरातली गोष्ट घरात ठेव’ म्हणाले नाही. अल्लाहने त्यांची तक्रार ऐकली आणि त्यांच्या बाजूने आदेश उतरला. आणि त्याच सूरहमध्ये पुढे हुकूम आहे की मजलिसमध्ये सरकून बसायला सांगितले, तर सरका, जागा करून द्या. हे दोन्ही एकाच सूरहमध्ये असावेत, यात आम्हाला तरी मोठी शिकवण दिसते.

‘समाजाची बदनामी होईल’ असे म्हणणारे बुजुर्ग आपल्यात आहेत. त्यांना अदबीने सांगावेसे वाटते की बायकांना मारणारे तुमच्यातले चांगले लोक नव्हेत, असे खुद्द प्रेषितांनी (स.) बजावले होते. बदनामी हात उचलणाऱ्याची आहे, वळ दाखवणारीची नव्हे. आणि सबर म्हणजे मार खात राहणे नव्हे.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना आहे. त्यासाठी तलाक किंवा खुला घ्यावा लागत नाही. मारहाण थांबवा, राहत्या घरातून काढू नका, खर्चाला पैसे द्या, मुले माझ्याकडे राहू द्या, एवढे मागता येते. संरक्षण अधिकारी अर्ज भरून देतात. वकिलाची फी नसेल तरी अडत नाही. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे जावे. 181 आणि 112 हे क्रमांक मुलींना पाठ असावेत. निकाहनामा, दवाखान्याचे कागद, मुलांचे दाखले यांच्या प्रती माहेरी ठेवाव्यात.

पण कागदाआधी माणूस लागतो. आपल्या तालुक्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात. फडावरच्या कोपीत मार खाणाऱ्या बाईला ना माहेर जवळ, ना शेजार ओळखीचा. मुंबई-पुण्यात दिलेल्या आपल्या लेकींचेही तेच. म्हणून मोहल्ल्यामोहल्ल्यात दोन-चार जाणत्या बायांनी एकत्र यावे. दर जुम्याला एखाद्या आपाच्या ओसरीवर तासभर बसावे. कोणी आली तर आधी ऐकावे, तिचे गुपित चहाच्या कपाबरोबर गल्लीत वाटू नये, आणि ती म्हणेल तर तिच्यासोबत कोर्टाची पायरी चढावी.

आमची ती विद्यार्थिनी पुढच्या ईदला आली, तर तिला एसटीत बसवून देण्याची घाई आम्ही करणार नाही. थोडे सरकून बसू. अल्लाह आपल्या सर्वांना तशी तौफिक देवो. आमीन.